१९०० मीटर शिल्लक

प्रकल्प: गोव्याची अर्धी आयर्नमॅन शर्यत, म्हणजे ७०.३ (एकूण मैल). समुद्रात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं, सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. गेल्या वर्षी २० ऑक्टोबरला मीरामारच्या वाळूवर भारतातली पहिली ७०.३ झाली. मी तिथे मैत्रिणीच्या चपला सांभाळत उभी होते. यंदा चपला तिने सांभाळायच्या, असं ठरलंय.

१४ मार्च २०२०, शनिवार. कोथरूड

करोनामुळे, कालच्या घोषणेप्रमाणे पुण्यातले जलतरण तलाव मध्यरात्रीपासून बंद, ३० तारखेपर्यंत. जिमही. म्हणजे गुरुवारी केलं ते शेवटचं पोहणं. १९०० मीटर, ७६ लांब्या, ५२ मिनिटं. शेवटच्या दहा लांब्यांत डावा कोपर खाली पडत होता. त्यावर पुढच्या आठवड्यात काम करायचं, असं वहीत लिहिलंय. दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, चालेल. तेवढ्यात सायकल आणि पळणं वाढवते.

२१ मार्च, शनिवार

उद्या जनता कर्फ्यू. गटातल्या एकाकडे जुना ट्रेनर (सायकल घरात जागेवर चालवायचा स्टँड) पडून होता, संध्याकाळी तो रिक्षातून घरी आणला. मागचं चाक रोलरवर दाबून बसवायचं, तसल्या जातीचा. वॅट वगैरे काही दाखवत नाही. पोराचा दहावीचा शेवटचा पेपर, भूगोल, सोमवारी होता. तो आजच पुढे ढकलला. पोरगं नकाशाची वही उशाशी घेऊन बसलंय. त्याला सुट्टीही नाही आणि परीक्षाही नाही. माझंही तसंच झालंय, पण हे त्याला सांगून उपयोग नाही.

२५ मार्च, बुधवार. पाडवा

देशभर २१ दिवस बंद. परवापासून राज्यात संचारबंदी होतीच. काल टोकियो ऑलिंपिकही पुढे गेलं, तेव्हा माझ्या तक्रारीला कुणी विचारणार नाही.

गुढी उभारून झाल्यावर टेप घेऊन गच्ची मोजली. पाण्याची टाकी आणि सोलरचे पाइप टाळून एक फेरी ४६ मीटर. ५ किमीला १०९ फेऱ्या, २१.१ किमीला ४५९. हा आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली.

२८ मार्च

ट्रेनर, पहिला खरा तास. शिकलेल्या गोष्टी:

रोलर जास्त दाबला की टायर खरवडतो, कमी दाबला की जोर लावताना चाक घसरतं. चाकावर हात ठेवून जोरात ढकललं तर घसरू नये, इतपत दाब बरोबर. तासाभरानंतर फरशीवर शिसपेन्सिल तासल्यासारखा काळा भुगा. ट्रेनरचा टायर वेगळा मिळतो, पण सध्या ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू. रबर त्यात धरत नाहीत. माळ्यावरचा झिजलेला टायर चढवला.

दुसरं: घाम. सायकल चालवताना वारा घाम पुसून नेतो, हे इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. इथे सगळा घाम हँडलच्या मुळाशी आणि बोल्टवर ठिबकतो. मीठ लोखंडाला खातं. सासूबाईंचं जुनं नऊवारी हँडलपासून सीटपर्यंत आडवं बांधलं. सायकल डोहाळजेवणाला बसल्यासारखी दिसते.

तिसरं: खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन. "वहिनी, पिठाची चक्की घेतलीत का?" आवाजापेक्षा थरथर जास्त पोचते. खाली दोन सतरंज्या, त्यावर योगाची चटई. आता चक्की लांबून ऐकू येते म्हणाले.

२ एप्रिल

पोहण्याचं काय करायचं? जुनी सायकलची ट्यूब उभी चिरून, मध्यभाग खिडकीच्या गजाला अडकवून, कमरेत वाकून दोन्ही टोकं मागे ओढायची. कोपर वर, पंजा खाली, मग मांडीपर्यंत ओढ. ४० सेकंद ओढ, २० सेकंद थांब, बारा वेळा. खांदे भरून आले, बरं वाटलं.

पण यात श्वास घ्यायला मान वळवावी लागत नाही, पाय बुडत नाहीत, अंग तरंगत ठेवायचं नाही. पोहण्यातली ताकद तेवढी यात आहे, पोहणं नाही. वहीत याला "पोहणं" म्हणायचं नाही, "रबर" म्हणायचं, असं ठरवलं. सायकल आणि पळण्याला मात्र घरातही सायकल आणि पळणं म्हणता येतं.

५ एप्रिल, रविवार

पळणं ५ किमी, संध्याकाळी. घड्याळातल्या जीपीएसने ३.१ किमी दाखवले आणि नकाशा म्हणून सुताचा गुंता काढून दिला. फेऱ्या मोजणं हाच उपाय. मी मोजायला लागले की चाळिशीत चुकते. सासूबाई गच्चीत वाती वळायला बसतात, त्यांना म्हटलं, माझ्या एका फेरीला एक वात वळाल का? त्यांनी मान्य केलं. आजच्या १०९ वाती पेल्यात आहेत. तुझा वेग वाढला तर माझ्या वाती बारीक होतील, अशी अट घातलीय.

रात्री नऊला दिवे लावायचे होते, तर वाती घरच्याच.

१२ एप्रिल, रविवार

दोन बातम्या. भूगोलाचा पेपर रद्द. पोरगं आधी नाचलं, मग म्हणालं, "मी तीन आठवडे काय करत होतो मग?"

दुसरी: यान फ्रोडेनोने काल स्पेनमधल्या जिरोना इथल्या घरात अख्खी आयर्नमॅन केली. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी पळणं, ८ तास ३३ मिनिटं. दोन लाख युरोंच्या वर मदतनिधी जमला. ऑलिंपिक सुवर्णविजेता माणूस, त्याच्या घरात उलट्या प्रवाहाचा हौद आहे. माणूस एका जागी राहतो, पाणी मागे पळतं. आमच्याकडे दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे आणि महापालिकेचं पाणी सकाळी येतं.

मार्चमध्ये फ्रान्सच्या तुलूजजवळ एलिशा नोखोमोवित्झ याने सात मीटरच्या बाल्कनीत मॅरेथॉन पळून काढली. त्यालाही शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल अशी धास्ती होती, हे वाचून समाधान वाटलं. आमचे काका सौम्यच म्हणायचे.

१९ एप्रिल

उजव्या पायाच्या घोट्याची बाहेरची बाजू दुखते. कारण उघड आहे: सगळ्या फेऱ्या डावीकडे वळून. ४६ मीटरमध्ये चार काटकोन, ५ किमीला ४३६ वळणं, सगळी एकाच अंगावर. देवळातसुद्धा आपण एकवीस प्रदक्षिणांवर थांबतो. आजपासून दर दहा फेऱ्यांनी दिशा बदलायची, कोपऱ्यावर वेग टाकून वळायचं आणि १० किमीच्या वर गच्चीत पळायचं नाही. मोठ्या पल्ल्याऐवजी जिना: तळमजला ते गच्ची, वर पळत, खाली चालत. उतरताना पळायचं नाही, गुडघे उतरतानाच जातात. सोसायटीत कुणीतरी 'कठडा धरू नका' अशी पाटी लावलीय, ती उत्तमच आहे, मी कठडा धरत नाही.

२६ एप्रिल. उकाड्याचा प्रयोग

काल ट्रेनर, संध्याकाळी साडेपाच, पंखा बंद. वेग तोच, गिअर तोच. दहाव्या मिनिटाला नाडी १३२, पंचेचाळिसाव्या मिनिटाला १५१.

आज तेच सगळं, पण टेबल फॅन छातीसमोर. १३२ ते १४०.

म्हणजे पाय थकत नव्हते, अंग तापत होतं. घाम जाऊन रक्तातलं पाणी कमी होतं, शिवाय अंग गार ठेवायला बरंचसं रक्त कातडीकडे वळतं. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. घामही मोजला: आधी वजन ५७.८, तासाने ५७.०, मध्ये प्यायलेलं पाणी ४०० मिली. एकूण घाम सुमारे १.२ लिटर. गोव्यात उन्हात चार तास सायकल म्हटलं तर हिशेब भीतीदायक आहे. आजपर्यंत मी तासाला अर्धी बाटली पीत आले आणि नंतर डोकं दुखलं की चहाला दोष देत आले.

लिंबू-साखर-मिठाचं पाणी सुरू. आठवड्यातून दोनदा मुद्दाम पंखा लांब ठेवून तापायचं, बाकीचे दिवस पंख्यासमोर काम. उन्हाळा आहेच तर वापरून घेऊ. नवरा म्हणतो, पैसे देऊन लोक सॉनात जातात, आपला हॉल फुकट आहे.

१७ मे

बंद ३१ पर्यंत वाढला. सायकल १८ तास, आठवड्याचे नव्हे, महिन्याचे मिळून. आधी वाचलं तेव्हा मलाच कौतुक वाटलं, म्हणून खुलासा. पळणं ठीक. रबर २४ वेळा. पोहणं ०, सलग ६६ दिवस.

आज अंघोळीच्या बादलीत तोंड घालून श्वास सोडून पाहिला. पोरगं दारात उभं राहून बघत होतं. काही बोललं नाही. ही नोंद ठेवायची की नाही यावर विचार केला.

३ जून, बुधवार

'पुन्हा सुरुवात' म्हणे. सरकारी आदेशाप्रमाणे आजपासून मोकळ्या जागेत चालणं, पळणं, सायकल, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. आणि आजच निसर्ग वादळ अलिबागकडे आलंय. पुण्यातही दिवसभर वारा आणि पाऊस, समोरच्या रस्त्यावर गुलमोहर आडवा. बहात्तर दिवस थांबले, ट्रेनरवर एक तास आणखी.

५ जून

बाहेर! एनडीए रस्ता, ३० किमी.

पाय तयार आहेत, मार्चपेक्षा चांगले. चढावर श्वास पुरत होता. पण मला सायकल चालवता येत नव्हती. ट्रेनरवर सायकल पडत नाही, म्हणून तोल सांभाळणारे सगळे बारीक स्नायू सुट्टीवर गेलेले. पहिल्या वळणावर झुकायचं विसरले आणि हँडल फिरवून वळले, लहान मुलं वळतात तशी. बाटली काढताना दोनदा डगमगले. खड्ड्यावर ब्रेक दाबायची सवय गेली. घरी येऊन यादी केली: एक हात सोडून सरळ रेषेत चालवणं, मागे वळून बघणं, बाटली, वळणं. बायका नव्याने स्कूटर शिकतात तसा मैदानाच्या कडेला सराव.

३० जून

आता सगळं पहाटे पाचला. आज माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीने पंढरपूरला निघाल्या. अण्णांचा फोन. आमचं माहेर लोणंद आणि फलटणच्या मधे, पालखीच्या रस्त्यावर. त्यांच्या आठवणीत रस्ता असा मोकळा कधी नव्हता. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण नाही, कुत्रंही नाही म्हणाले. मग म्हणाले, "विहीर भरत आलीया. तुझं पोहणं बंद हाय म्हणती आई."

विहीर! दहा वर्षांची असताना पाठीला सुका भोपळा बांधून अण्णांनी मला त्याच विहिरीत ढकललं होतं. तीन महिने गजाला रबर बांधून ओढते आहे आणि ही गोष्ट डोक्यात आली नाही. पण जिल्हा ओलांडायला ई-पास लागतो, आणि कारण काय लिहू? पोहणं?

१४ जुलै

पुणे परत दहा दिवस बंद. सायकल पुन्हा ट्रेनरवर, नऊवारी पुन्हा सायकलवर. काकांनी फोन न करता मिस्ड कॉल दिला.

२९ जुलै

दहावीचा निकाल. न झालेल्या भूगोलाला बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण. पोरगं म्हणतं, सगळ्यात चांगला पेपर तोच गेला. माझ्या पोहण्यालाही सायकल-पळण्याची सरासरी धरा म्हणून कुणाकडे अर्ज करता येईल का?

५ सप्टेंबर, शनिवार. गावी

दोन तारखेपासून ई-पास गेला. पहाटे निघालो, नऊला विहिरीवर.

विहीर ३८ फूट रुंद, दगडी, पाणी पाच परस, म्हणजे पाच पुरुष खोल. पायऱ्या पाण्याच्या खाली गेलेल्या. धाकट्या भावाने आधी मोटारीचा फ्यूज काढून खिशात घातला. "या हप्त्यात लाईट रातची हाय आक्का, दिवसा मोटार न्हाई. तरी फ्यूज माझ्याकडंच." आठवडा दिवसा, आठवडा रात्री, असा शेतीच्या विजेचा पाळा. म्हणजे माझं पोहण्याचं वेळापत्रक वीज मंडळ ठरवणार. मोटार चालू असताना विहिरीत उतरायचं नाही, हा नियम इथे लहान पोरांनाही पाठ असतो.

कॅनॉलला पाणी होतं, लांबच लांब सरळ. तिकडे बघायचंसुद्धा नाही असं मीच ठरवलं. उतार गुळगुळीत सिमेंटचा, धरायला काही नाही, पाण्याला ओढ.

सरळ पोहायला विहिरीत जागा नाही. म्हणून सायकलची जादा ट्यूब कमरेच्या पट्ट्याला अडकवली, तिला दोर, दोर वरच्या खांबाला. आता मी पोहत राहायचं आणि जागेवरच राहायचं. फ्रोडेनोचा हौद, फक्त उलटा: पाणी उभं, मी बांधलेली.

पहिले दहा हात, आणि पाण्याने मला ओळखलं नाही. ट्यूबने मागे ओढलं की पाय खाली. पंजा पाण्यात घसरत होता, काही धरतच नव्हता. पाच महिने रबर ओढलेले खांदे ताकदवान होते आणि त्या ताकदीचं काय करायचं ते हातांना माहीत नव्हतं. चार मिनिटांत दम. पायरी धरून खोकले. अण्णा काठावरून: "कडंकडंनं जा की. बांधून कशाला घेतलंय म्हशीवानी?"

बरोबर होतं. दोर सोडला, कडेकडेने गोल फिरले. पंधरा मिनिटं, मोजमाप नाही. नंतर पुन्हा बांधून दोन-दोन मिनिटांचे सहा तुकडे. तिसऱ्या तुकड्यात डावा कोपर वर राहिला. मार्चच्या वहीतलं काम सप्टेंबरात सुरू.

ऑक्टोबर

दोन शनिवार-रविवार गावी, चार वेळा विहीर. गोल पोहण्यातही गच्चीसारखंच: एकाच दिशेने गेलं तर आतल्या बाजूचा खांदा आखडतो. आठ फेऱ्यांनी दिशा बदल.

गोव्याची शर्यत यंदा नाही. माहीतच होतं, तरी संध्याकाळ गेली. नंतर भावाला विचारलं, आठ नोव्हेंबरला रविवार आहे, लाईट कधीची? रात्रीची म्हणाला. मग ठरलं, शर्यत गावातच.

५ नोव्हेंबर

तलाव उघडले, पण राज्य-राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंना सरावापुरते. आमच्या तलावाच्या रखवालदाराला फोन केला. "मॅडम, तुम्ही राष्ट्रीय झाला तरी येऊ नका, पाणी हिरवं आहे."

८ नोव्हेंबर, रविवार. गावी

पावणेसातला विहिरीत. कडेपासून मीटरभर आतून फेरी साधारण ३० मीटर, १९०० ला ६४ फेऱ्या. पायरीवर भाची ६४ चिंचोके घेऊन बसली, एका फेरीला एक वाटीत टाकायचा. पाणी थंड, पहिली दहा मिनिटं श्वास आखूड. चाळिसाव्या फेरीपर्यंत डोक्यात फक्त कोपर. नंतर काहीच नाही. १ तास ३ मिनिटं. तलावाच्या भिंतीला पायाने ढकलायला मिळतं तसं इथे नाही, तेव्हा मार्चच्या ५२ शी तुलना करत नाही. शर्यतीत इथवर यायला १ तास १० मिनिटं देतात. भाचीच्या हातात एक चिंचोका उरला होता, तिच्या मते मी फसवलं, म्हणून आणखी एक फेरी.

मळ्यातून घरी, कपडे, सायकल: ९ मिनिटं.

सायकल फलटण-लोणंद रस्त्यावर येरझाऱ्या. कारखाने सुरू झालेत, उसाच्या जोडट्रॉल्या, दर दोन किमीला रस्त्यात ऊस पडलेला. तरी ६० किमीपर्यंत नाडी १३५ ते १४०, तासाला पाऊण लिटर पाणी ठरल्याप्रमाणे पोटात. उन्हाळ्यातल्या हॉलचे आभार. ६३ व्या किमीला चांदोबाच्या लिंबाजवळ मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पिशवी उघडली: पंप आहे, टायर काढायच्या पट्ट्या आहेत, ठिगळं आहेत, सोल्युशनची नळी लॉकडाउनमध्ये दगड झालेली. जादा ट्यूब नाही.

जादा ट्यूब सप्टेंबरपासून मोटारीच्या खोलीत खिळ्याला आहे.

भावाला फोन. तो मोटारसायकलवरून ट्यूब गळ्यात घालून आला, हारासारखी. दोन महिने मला ओढून ओढून ती वीतभर लांब झालेली. टायरमध्ये घड्या घालत बसवली, हवा भरली, धरली. एकूण ४१ मिनिटं. उरलेले २७ किमी प्रत्येक चक्राला बुडाखाली एक टप्पा.

९० किमी, ४१ मिनिटं धरून ४ तास ३३. कपडे बदलायला ७ मिनिटं. पळणं पाणंदीने, चार वेळा गावापर्यंत आणि परत, दुपारच्या उन्हात. आई दर फेरीला ताक घेऊन उभी. चौदाव्या किमीपासून चालणं-पळणं. गच्चीतल्या १८३६ वळणांऐवजी सात, घोट्याला काही झालं नाही. २ तास ४४.

एकूण ८ तास ३६ मिनिटं. मुदत साडेआठची. भाऊ म्हणतो, पंक्चरचे वजा कर, ७:५५ होतात. वजा केलेले नाहीत. संध्याकाळी सासूबाईंचा फोन, किती झालं म्हणून. ८:३६ सांगितलं. वाती किती ते विचारलं होतं त्यांनी.

ट्यूब काढून परत खिळ्याला. टायरमध्ये काट्याचं टोक अजून आहे, ते चिमट्याने काढायचं. सोल्युशन आणायचं, दोन नळ्या.